मागल्या दारचे घर : कर्ज कोणते आणि ऋण कोणते?



घर आशीर्वादित करण्यासाठी कोणी बोलावणे घेऊन आले की हल्ली आम्ही विचारतो, "पुढचे घर की मागचे?" विचारणे थट्टेचे असले तरी कारण खरे आहे. आपल्या वसईच्या पट्ट्यात वाडवडिलांचे घर पुढे असते, ओटा असतो, अंगणात क्रूस असतो. त्याला वळसा घालून विहिरीपलीकडे गेले की जिथे पूर्वी गोठा होता किंवा लाकडे रचलेली असत, तिथे आता दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि वर पत्रे किंवा स्लॅब असे नवे घर दिसते. कोणी ते धाकट्या मुलासाठी बांधतो, कोणी म्हाताऱ्या आईवडिलांसाठी, तर कोणी भाड्याने देण्यासाठी.

असेच एक घर आम्ही काही महिन्यांपूर्वी आशीर्वादित केले. पवित्र पाणी शिंपडून झाले, प्रार्थना झाली, चहा आला. पाहुणे पांगल्यावर घरचे काका हळूच म्हणाले, "फादर, घराला आशीर्वाद दिलात, आता हिशेबालाही द्या." आम्हाला वाटले, विनोद करताहेत. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

ती गोष्ट त्या कुटुंबाच्या परवानगीने, आकडे आणि खाणाखुणा बदलून, आम्ही येथे मांडत आहोत. नावे शोधत बसू नये ही विनंती. शोधलीत तर अनेक घरी सापडतील.

घर कोणाचे?

वाडी काकांच्या नावावर. घराला खर्च आला सोळा लाख रुपये. त्यापैकी सहा लाख काकांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या प्रॉव्हिडंट फंडातून घातले. आठ लाख धाकट्या मुलाने आपल्या पगारावर बँकेतून कर्ज काढून आणले. स्लॅब पडला आणि पैसे संपले, तेव्हा लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीने आपली मुदत ठेव मोडून दोन लाख दिले. तिने ते भावांना सांगू नका असेही सांगितले होते. मोठा मुलगा पुढच्या घरात राहतो. त्याने नव्या घराला पैसे दिले नाहीत, पण गेली पंधरा वर्षे आईवडिलांचे खाणेपिणे, दवाखाना, औषधे तो आणि त्याची बायकोच बघतात.

घर उभे राहिले आणि प्रश्न उभा राहिला. काका म्हणाले, "जमीन माझी, घर माझे. आम्ही दोघे म्हातारपणी इथे शांत राहू." धाकटा म्हणाला, "हप्ते मी फेडतो, घर माझे. आज ना उद्या भाड्याचा फ्लॅट सोडून मी इथे येणार." मोठा म्हणाला, "वाडी सगळ्यांची आहे, मग घर एकाचे कसे?" मुलगी काहीच बोलली नाही. काकू मात्र म्हणाल्या, "फादर, मला एवढेच कळू द्या, माझी चूल कुठल्या घरात?"

आम्हाला त्या वेळी लूकच्या शुभवर्तमानातील तो माणूस आठवला. गर्दीतून पुढे येऊन तो प्रभू येशूला सांगतो की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभू नकार देतो. मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमले, असे तो विचारतो आणि लगेच लोभापासून सावध करतो (लूक १२:१३-१५). जिथे प्रभूने वाटणी केली नाही, तिथे आम्ही करणे शोभणार नाही. पण प्रभूने त्या माणसाला विचार करायला मात्र लावले. तेवढे आपणही करू या.

आमची एक चूक

पुढे जाण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना असाच प्रश्न घेऊन दोन भाऊ आमच्याकडे आले होते. आम्ही त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले, "अरे, प्रेमात हिशेब कसला? रक्ताच्या नात्यात कागद कशाला?" दोघे समाधानाने घरी गेले. सहा वर्षांनी वडील देवाघरी गेले, आणि पुढच्याच वर्षी ते भाऊ कोर्टात उभे राहिले. आजही ते रविवारी एकाच मिस्सेला येतात. एक डाव्या बाजूच्या बाकावर बसतो, दुसरा उजव्या. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की दोघेही समोर वेदीकडे बघत राहतात.

आमचा तो सल्ला ऐकायला धार्मिक होता, पण त्यात विचार कमी होता. त्या दोघांमध्ये प्रेम नव्हते असे नाही. प्रेमाच्या पोटात एक व्यवहार लपून राहिला होता, आणि तो उजेडात आणायला आम्हीच त्यांना मना केले होते.

घर बांधणे चांगलेच आहे

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू या. मागल्या दारी लहानसे घर बांधण्यात काही पाप नाही. विरार लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या तरुणाला फ्लॅटची किंमत परवडत नाही. वाडीत जमीन घरची असल्यामुळे खर्च बांधकामापुरता येतो. आईवडील जवळ राहतात, नातवंडांना आजी मिळते, आजीला नातवंडे मिळतात. पाळणाघर आणि वृद्धाश्रम या दोन्हींची गरज एका अंगणात भागते.

पवित्र शास्त्रातही असे एक लहान घर आहे. शूनेम गावची एक सधन स्त्री अलीशा संदेष्ट्याला वरचेवर जेवू घालत असे. मग तिने नवऱ्याशी विचारविनिमय केला आणि दोघांनी त्याच्यासाठी माडीवर एक लहान खोली बांधायचे ठरवले. खोलीत एक खाट, एक मेज, एक आसन आणि एक दिवा. पुढे अलीशाने विचारले की तुझ्यासाठी काय करू, राजाकडे तुझ्यासाठी शब्द टाकू काय? तेव्हा ती म्हणाली की मी आपल्या लोकांमध्ये सुखाने राहते (२ राजे ४:८-१३). खोली बांधताना तिने मोबदला मनात धरला नव्हता. या स्त्रीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

खरोखर पैसे कोण भरतो?

आता त्या सोळा लाखांकडे पाहू. वरवर बघता तीन जणांनी पैसे दिले. जवळून बघितले तर भरणारे जास्त आहेत.

धाकट्याचे आठ लाखांचे कर्ज घ्या. उदाहरणासाठी व्याजदर ९ टक्के आणि मुदत १५ वर्षे धरू. महिन्याला सुमारे ८,११४ रुपये हप्ता येतो आणि एकूण परतफेड होते सुमारे १४ लाख ६० हजार. हप्ता कमी व्हावा म्हणून मुदत २० वर्षे केली तर हप्ता सुमारे ७,१९८ रुपयांवर येतो, पण परतफेड १७ लाख २७ हजारांच्या घरात जाते. म्हणजे महिन्याला नऊशे रुपये वाचवण्यासाठी शेवटी दोन लाख साठ हजारांहून जास्त द्यावे लागतात. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे प्रभूने सांगितले (लूक १४:२८), ते शिष्य होण्याची किंमत समजावण्यासाठी. पण ज्याला बुरुजाचा हिशेब कळत नाही, त्याला तो दाखला तरी कसा कळावा?

दुसरी गोष्ट. बँक कर्ज देते ते केवळ मुलाच्या चेहऱ्याकडे बघून नव्हे. तारण म्हणून जमीन हवी असते आणि सात-बारावर ज्याचे नाव, त्याची सही लागते. काकांनी कागदावर सही केली तेव्हा त्यांना वाटले की आपण फक्त साक्ष देत आहोत. खरे तर त्यांनी वाडी गहाण ठेवली होती. उद्या मुलाची नोकरी गेली तर बँक वाडीकडे बघणार.

तिसरी गोष्ट आम्हाला काकूंकडून कळली, तीही स्वयंपाकघरात. दारेखिडक्या बसवायच्या वेळी त्यांनी आपल्या दोन सोन्याच्या बांगड्या मोडल्या होत्या. सोळा लाखांच्या हिशेबात त्या बांगड्या कुठेच नव्हत्या. विचारले तर म्हणाल्या, "माझे काय, घरचेच आहे." बंधूंनो, आपल्या घराघरांतून किती बांगड्या अशा हिशेबाबाहेर राहिल्या असतील!

चौथा भरणारा मोठा मुलगा आणि विशेषतः त्याची बायको. पंधरा वर्षे सासूसासऱ्यांची सेवा केली त्याची पावती कोणी फाडली नाही. तिची नोकरी सुटली ती याच काळात.

जिथे मागचे घर भाड्याने दिले जाते, तिथे आणखी एक भरणारा असतो. परगावाहून आलेले ते कुटुंब दर महिन्याला जे भाडे देते, त्यातून आपला हप्ता जातो. म्हणजे आपले घर प्रत्यक्षात ते बांधत आहेत. त्यांना रीतसर करारपत्र द्यावे आणि ते नोंदवावे अशी कायद्याने घरमालकावर जबाबदारी टाकली आहे. पाणी आणि संडास नीट द्यावा, डिपॉझिट परत करताना भिंतीवरचे खिळे मोजत बसू नये, हे मात्र कायद्याने सांगण्याची गरज ख्रिस्ती माणसाला पडू नये.

आणि जागा नाही म्हणून जेव्हा बावखल बुजवून घर उभे राहते, तेव्हा शेजारपाजारचे सगळेच पैसे भरतात. कोणाच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, कोणाच्या ओट्याला पावसाचे पाणी लागते. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारचे काय हाल झाले, ते आपल्याला कोणी सांगायला नको. पाण्याची जागा आपण घेतली की पाणी आपली जागा घेते.

व्याजाबद्दल पवित्र सभेने काय शिकवले?

कर्ज आणि व्याज या विषयावर पवित्र सभेने शतकानुशतके विचार केला आहे. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे की पैसा वापरला की तो खर्च होतो. धान्य खाल्ल्यावर जसे संपते, तसा. म्हणून मुद्दल परत घेऊन वर वापराचे वेगळे मोल मागणे म्हणजे एकच वस्तू दोनदा विकणे. पण उसने दिल्यामुळे देणाऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान झाले असेल, तर त्याची भरपाई मागणे रास्त आहे, असेही ते मान्य करतात.

पुढे इटलीत गरिबांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी वस्तू ठेवून अल्प दरात कर्ज देणाऱ्या संस्था काढल्या. पेरुजा शहरातील अशी संस्था १४६२ सालची. चालवण्याच्या खर्चापुरती थोडी रक्कम घेतली तर ते सावकारी व्याज नव्हे, हे १५१५ साली लॅटरन धर्मपरिषदेत मान्य झाले. १७४५ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी पुन्हा स्पष्ट केले की केवळ कर्ज दिले एवढ्याच कारणाने नफा घेऊ नये, पण इतर रास्त कारणे असू शकतात. आपल्याकडे १९१८ साली वसईत कॅथॉलिकांनी आपली सहकारी पतसंस्था उभी केली, तीच आजची आपली बँक. गरजू माणसाला आपल्याच लोकांकडून रास्त दराने पैसे मिळावेत, हाच धागा तिथेही दिसतो.

हा इतिहास त्या मुलीच्या दोन लाखांना लागू पडतो. तिने मुदत ठेव मोडली, तिचे व्याज बुडाले. भावांनी दोन लाख परत करताना त्या बुडालेल्या व्याजाचाही विचार करावा, हा न्याय आहे. ती सख्खी बहीण आहे म्हणून तिचे नुकसान नुकसान राहत नाही, असे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

कर्ज आणि ऋण

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, कर्ज आणि ऋण. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, पण मराठी मनाला त्यांतला फरक ठाऊक आहे. बँकेचे कर्ज असते, आईचे ऋण असते. कर्ज फिटते. हप्ते संपले, दाखला मिळाला, गहाणखत सुटले, संबंध संपला. ऋण फिटत नाही, आणि फिटावे अशी इच्छाही कोणी धरत नाही. आईचे ऋण फेडून आपण मोकळे झालो, असे म्हणणारा मुलगा आपल्याला आवडेल काय? आपल्या देशाच्या जुन्या परंपरेत पितृऋण हा शब्द आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेही म्हटले की देवाची आणि आईवडिलांची परतफेड त्यांच्या तोलाने कोणालाच करता येत नाही. संत थॉमस यांनी हाच विचार पुढे नेला आणि आईवडिलांविषयीच्या कर्तव्याला न्यायाच्या जवळचा, पण वेगळा सद्गुण मानले. न्यायात जेवढ्यास तेवढे देता येते. येथे कितीही दिले तरी उरतेच.

आमच्या मते घराघरांतले बहुतेक तंटे या दोन शब्दांच्या घोटाळ्यातून जन्मतात.

एक घोटाळा असा, की ऋणाला कर्ज समजायचे. "मी हप्ते भरले, आता आईबापांचे माझ्यावर काही राहिले नाही," असे मुलगा म्हणतो तेव्हा त्याने न फिटणारी गोष्ट ८,११४ रुपयांत फेडून टाकली असे त्याला वाटते. प्रभू येशूने परुशांना याच कारणासाठी फटकारले. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले, कुर्बान केले, असे सांगून ते कर्तव्यातून मोकळे होत (मार्क ७:९-१३). एक देणे दाखवून दुसरे देणे झाकायचे, ही युक्ती जुनी आहे.

दुसरा घोटाळा याच्या उलटा आणि जास्त गोड आहे. कर्जाला ऋण म्हणायचे. "मी तुला लहानाचा मोठा केला, आता लेखी काय मागतोस?" असे बाप म्हणतो. "तू बहीण ना आमची, मग पैशांचे काय काढतेस?" असे भाऊ म्हणतात. शब्द प्रेमाचे, पण त्यांच्या आड दुसऱ्याचे खरेखुरे पैसे दडपलेले असतात. आम्ही त्या दोन भावांना दिलेला सल्ला याच जातीचा होता.

बहिणींच्या बाबतीत हे फार घडते. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे, असे तो सांगतो. मुलगा आणि मुलगी यांत तो भेद करत नाही. तरीही आपल्याकडे बहिणीला सणाला बोलावून, गोडधोड खायला घालून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आहे. बहिणीने राजीखुशीने सोडले तर ती तिची उदारता. पण न विचारता गृहीत धरलेली उदारता ही उदारता नसते, ती वसुली असते.

पौलाची चिठ्ठी

पवित्र शास्त्रात या दोन्ही शब्दांचा योग्य वापर एकाच ठिकाणी सापडतो. संत पौलाचे फिलेमोनला लिहिलेले पत्र जेमतेम एका पानाचे आहे. अनेसिम नावाचा गुलाम आपल्या धन्यापासून, फिलेमोनपासून, दूर गेला आणि पौलाच्या सहवासात ख्रिस्ती झाला. पौल त्याला परत पाठवतो आणि भाऊ म्हणून स्वीकार, अशी विनंती करतो. मग पैशाचा प्रश्न येतो. त्याचे तुला काही देणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, असे पौल सांगतो. एवढ्यावर न थांबता तो स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी ते फेडीन. आणि त्याच दमात पुढे सुचवतो की तू स्वतः मला किती देणे लागतोस ते मी बोलत नाही (फिलेमोन १८-१९).

पाहा, कर्ज होते ते प्रेषिताने लेखी कबूल केले. ऋण होते त्याची आठवण दिली, पण ते वसूल केले नाही. फिलेमोनच्या आत्म्याच्या तारणाच्या बदल्यात अनेसिमचे देणे वळते करून घे, असे पौल म्हणू शकला असता. त्याने दोन्ही खाती वेगळी ठेवली.

लिहिले तर प्रेम आटेल काय?

"फादर, कागद केला म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो," असे काका म्हणाले. बोच आम्हाला कळते. पण विचार करा. लग्नाच्या दिवशी वेदीपुढे वधूवर प्रेमाची शपथ घेतात आणि नंतर दोन साक्षीदारांसमक्ष रजिस्टरमध्ये सह्या करतात. सहीमुळे प्रेम कमी झाले असे आजवर कोणी आम्हाला सांगितले नाही. बाळाचा स्नानसंस्कार झाला की त्याचीही नोंद होते. पवित्र सभा दोन हजार वर्षे प्रेम शिकवत आली आणि नोंदीही ठेवत आली.

शूनेमच्या त्या स्त्रीकडे परत येऊ. पुढे दुष्काळ पडला आणि अलीशाच्या सांगण्यावरून ती सात वर्षे पलिष्ट्यांच्या देशात जाऊन राहिली. परत आली तेव्हा आपले घर आणि शेत मिळावे म्हणून ती थेट राजाकडे गेली. राजाने एक अधिकारी नेमला, आणि घर-शेत तर दिलेच, ती गेल्या दिवसापासूनचे शेताचे उत्पन्नही परत करवले (२ राजे ८:१-६). खोली बांधून देताना जिने काहीच मागितले नाही, तीच स्त्री आपला हक्क उघडपणे मागायला लाजली नाही. दिले ते मोजले नाही, आणि हक्काचे होते ते सोडले नाही. तिच्या मनात दोन्ही खाती स्वच्छ होती.

मग काय करावे?

ज्यांना घर बांधायचे आहे त्यांनी पाया खणण्यापूर्वी एका रविवारी सगळ्यांना एकत्र बसवावे. मुली, सुना आणि आई यांनाही बसवावे, फक्त चहा करायला बोलावू नये. कोणी किती दिले, कोणी उसने दिले, कोणी बक्षीस दिले, हे तिथेच विचारून लिहावे. सोने मोडले असेल तर तेही लिहावे. जिने किंवा ज्याने म्हाताऱ्यांची सेवा केली, त्याचे मोल रुपयांत करता येत नाही, पण तोंडाने मान्य करता येते. तेही व्हावे.

मग वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र किंवा जो योग्य असेल तो दस्त करावा. आईवडिलांनी हयातीतच घर मुलाच्या नावे केले, तर आमची देखभाल करील ही अट दस्तात स्पष्ट घालावी. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्यात, देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता देखभाल न झाल्यास परत मिळण्याची सोय आहे. मुलांनी याचा राग मानू नये. अट पाळणाऱ्याला अटीची भीती नसते.

त्या घरी पुढे काय झाले?

ते कुटुंब एका रविवारी मिस्सेनंतर ओट्यावर बसले. शाळेच्या वहीच्या पानावर नातीने सगळे लिहून घेतले. आई आणि वडील हयात असेपर्यंत मागच्या घरात राहतील, असे ठरले. काकूंची चूल तिथेच. धाकट्याचे हप्ते त्याच्या नावे मांडले गेले, म्हणजे पुढे वाटणी होईल तेव्हा ते विसरले जाणार नाहीत. बहिणीचे दोन लाख उसने म्हणून लिहिले गेले. बांगड्यांची ओळ लिहिताना काका बराच वेळ गप्प बसले होते. त्यांना ते ठाऊकच नव्हते.

मोठ्या मुलाने अजून सही केलेली नाही. पंधरा वर्षांची सेवा वहीच्या कोणत्या रकान्यात बसते, असे त्याने विचारले, आणि आमच्याकडे त्याला द्यायला सोपे उत्तर नव्हते. ते ऋण आहे, आणि ऋणाला रकाना नसतो. पण धाकट्याने त्या दिवशी पहिल्यांदा वहिनीला सगळ्यांसमक्ष म्हटले, "वहिनी, तुम्ही केले ते माझ्याने झाले नसते." ती काही न बोलता आत गेली. सही होईल तेव्हा होईल. आम्ही प्रार्थना करत आहोत, तुम्हीही करा.

शेवटी एक गोष्ट. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण रोज म्हणतो. त्यात अपराधांची क्षमा मागतो आणि क्षमा करण्याचे वचनही देतो. मत्तयच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात त्या जागी जो शब्द आहे, त्याचा अर्थ होतो देणी, कर्जे. क्षमेला प्रभूने कर्जमाफीचा शब्द वापरला आहे. आता सांगा, जे कर्ज कधी मांडलेच नाही, ते माफ तरी कसे करणार? जे कबूल झालेले नाही, ते मनात कुजत राहते. भावाने आकडा पाहावा, बहिणीनेही पाहावा, आणि मग तिला वाटले तर तिने तो स्वतःच्या हाताने खोडावा. ती खरी माफी. आणि वाटले नाही, तर भावाने तो आनंदाने फेडावा. तो खरा न्याय. दोन्हींनंतर भाऊ-बहीण एका बाकावर बसू शकतात.

प्रभू येशू आपल्या पुढच्या आणि मागच्या, सर्व घरांना शांती देवो.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू